करंगळी बधिर होते तेव्हा: पुणे ते पंढरपूर सायकल प्रवासाच्या तयारीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका ४६ वर्षांच्या बँक कर्मचारी महिलेचे आहे. आमच्या सायकल गटात सर्वजण त्यांना ताई म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटेल असे तपशील त्यांच्याच सांगण्यावरून वगळले असून मोजमापे आणि तारखांचा क्रम त्यांनी स्वतः ठेवलेल्या वहीतून घेतला आहे. सायकलवरचे बहुतेक बदल आम्ही दोघांनी मिळून, माझ्या घराच्या अंगणात केले. त्यामुळे त्यातील चुकांची जबाबदारी माझ्यावरही येते आणि त्या चुका मी खाली नोंदवल्या आहेत.

ताई तीन वर्षांपासून सिंहगड रस्त्यावरून शिवाजीनगरला सायकलने कामावर जात होत्या. एका बाजूचे अंतर सुमारे ९ किलोमीटर. सायकल सरळ हँडलची, केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची आणि ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरची होती. ताईंची उंची १५८ सेंटिमीटर, पायाची आतल्या बाजूने मोजलेली लांबी ७३ सेंटिमीटर आणि वजन ६१ किलो. सायकलची चौकट मात्र मध्यम मापाची होती, कारण खरेदीच्या दिवशी दुकानात लहान माप शिल्लक नव्हते आणि ‘सीट खाली घेतली की झाले’ असे त्यांना सांगण्यात आले होते. वरचा दांडा उतरता असल्यामुळे सायकल दोन पायांमध्ये धरून त्यांना उभे राहता येत होते, पण जेमतेमच.

नऊ किलोमीटरच्या प्रवासात या सायकलने कधी त्रास दिला नाही, आणि तो का दिला नाही हे पुढच्या सगळ्या घटनांमागचे कारण आहे. अर्ध्या तासाच्या प्रवासात चुकीची बैठक शरीर निमूटपणे सोसते. सिग्नलला थांबणे, उतरणे, पुन्हा निघणे यांत दर काही मिनिटांनी हातांवरचा आणि बैठकीवरचा भार आपोआप हलत असतो. सलग तीन तास मोकळ्या रस्त्यावर चालवताना ही विश्रांती मिळत नाही.

फेब्रुवारीत ताईंनी ठरवले की आषाढीच्या आधी गटासोबत एका दिवसात पंढरपूरला जायचे. पालखी मार्गावर त्या दिवसांत वारकऱ्यांची गर्दी असते, म्हणून आमचा गट सोलापूर रस्त्याने यवत, पाटस, भिगवण, इंदापूर असे जाऊन टेंभुर्णीला वळतो. अंतर साधारण २१० किलोमीटर भरते. तयारीसाठी हातात चार महिने होते.

तक्रारींची सुरुवात

पहिल्याच ४० किलोमीटरच्या रविवारी तीन तक्रारी समोर आल्या. पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागली. बैठकीच्या जागी दुखणे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला काचणे सुरू झाले. परतीच्या चढावर गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखे होऊ लागले.

सायकल आणि शरीर यांचा संबंध तीनच ठिकाणी येतो: सीट, हँडल आणि पेडल. शरीराचे सगळे वजन या तीन ठिकाणी वाटले जाते. एका ठिकाणचा भार कमी केला की तो नाहीसा होत नाही, उरलेल्या दोन ठिकाणी जातो. हे वाचायला सोपे असले तरी दुखणे सुरू झाल्यावर माणूस दुखऱ्या जागेकडेच पाहतो, आणि तेच येथेही झाले.

उपाय जे उलटले

बैठक दुखते म्हणून ताईंनी प्रथम ४५० रुपयांचे जेलचे सीट कव्हर आणले. मूळ सीटही मऊ आणि रुंदच होती. तिच्यावर आणखी एक मऊ थर आला. बसताक्षणी बरे वाटले, पण दुसऱ्या तासात दुखणे वाढले. वजन पेलण्याचे काम बैठकीच्या दोन हाडांचे असते. फार मऊ सीटमध्ये ही हाडे रुततात आणि मधला मऊ भाग वर उचलला जाऊन नाजूक जागेवर दाब येतो. शिवाय कव्हर उजवीकडे डावीकडे सरकत होते, त्यामुळे काचणे वाढले ते वेगळेच.

मग कुणीतरी सीटचे नाक खाली झुकवण्याचा सल्ला दिला. नाजूक जागेवरचा दाब खरोखर कमी झाला, परंतु शरीर सतत पुढे घसरू लागले आणि ते अडवण्यासाठी हात ताठ ठेवून हँडलला रेटा द्यावा लागू लागला. पुढच्या रविवारी बोटे पंचविसाव्याऐवजी पंधराव्या किलोमीटरलाच बधिर झाली. त्यावर उपाय म्हणून जाड गादीचे हातमोजे आले. ताईंचे तळहात लहान आहेत. जाड मोज्यांमुळे ग्रिप, म्हणजे हँडलच्या टोकाची मूठ, आणखी जाड वाटू लागली आणि ती धरून ठेवण्यासाठी मूठ अधिक आवळावी लागली.

तीन आठवड्यांत तीन वस्तू बदलल्या गेल्या आणि प्रत्येक वस्तूने एक तक्रार हलवून दुसरीकडे नेली. या काळात सीटच्या उंचीकडे कुणीही पाहिले नव्हते. मीही त्या तिन्ही रविवारी त्यांच्याबरोबर होतो आणि मीही पाहिले नव्हते.

घाटातला प्रसंग

मार्चच्या दुसऱ्या रविवारी जुना कात्रज घाट ओलांडून कापूरहोळपर्यंत जाऊन परत यायचे ठरले होते. परतताना, बोगदा ओलांडून कात्रजच्या दिशेने उतरत असताना ताईंना मागून टेम्पोचा आवाज आला. त्यांनी उजव्या खांद्यावरून मागे पाहिले. हात ताठ असल्यामुळे मान वळताच खांदा वळला आणि खांद्याबरोबर हँडलही उजवीकडे ओढले गेले. ते सावरताना सायकल डावीकडे डांबराच्या कडेबाहेर गेली. पुढचा ब्रेक उजव्या हाताला होता आणि त्याच हाताची दोन बोटे बधिर होती. लिव्हर उशिरा आणि मग एकदम दाबली गेली, खडीवर चाक घसरले आणि ताई डाव्या कुशीवर पडल्या. कोपर व तळहात खरचटला, आणि हेल्मेटची डावी बाजू रस्त्यावर आदळली. टेम्पो सुरक्षित अंतराने निघून गेला. त्याची यात काही चूक नव्हती.

या प्रसंगानंतर मी आराम आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय मानणे सोडले. बधिर बोटे ही गैरसोय आहे असे आम्ही धरून चाललो होतो. उतारावर मात्र त्याच बोटांवर ब्रेक अवलंबून होता.

हेल्मेटबाबतही एक गोष्ट लक्षात आली. केसांचा अंबाडा उंच बांधल्यामुळे हेल्मेट मागे सरकून कपाळ उघडे राहत असे. पुढे पडल्या असत्या तर त्याचा उपयोग झाला नसता. आतला फोम एकदा दाबला गेला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही आणि बाहेरून तडा दिसत नसला तरी ते हेल्मेट दुसरा आघात पेलेल याची खात्री देता येत नाही. म्हणून ते त्याच दिवशी बाद केले.

समोरचे पर्याय

बोटांतल्या मुंग्या पडल्यानंतर तीन दिवस राहिल्या. पहिला निर्णय डॉक्टरांकडे जाण्याचा होता आणि तो योग्य ठरला. करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना ज्या नसेकडून येते ती अल्नार नस मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्याच्या मुळाशी, एका अरुंद वाटेने जाते. हँडलवर नेमका तेथेच दाब येतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असते तर दुसऱ्या नसेचा विचार करावा लागला असता. डॉक्टरांनी पकड तपासली, बोटांची ताकद शाबूत असल्याचे सांगितले, दोन आठवडे सायकल बंद ठेवायला लावली आणि मुंग्या पुन्हा आल्या व टिकल्या तर लगेच यावे असे बजावले.

त्या दोन आठवड्यांत पर्यायांचा विचार झाला. लहान मापाची नवी सायकल घ्यावी, हा सर्वांत सरळ पर्याय होता. चौकट मोठी आहे हे उघड होते. पण खर्च ४५ हजारांच्या घरात जात होता आणि बैठक कशी असावी हेच माहीत नसताना नवी सायकलही अंदाजानेच निवडली गेली असती. दुसरा पर्याय व्यावसायिकाकडून बैठक बसवून, म्हणजे सायकल शरीराच्या मापाला जुळवून, घेण्याचा होता. तो मला आजही चांगला वाटतो. ताईंना मात्र शनिवारच्या वेळा जुळत नव्हत्या. तिसरा पर्याय महागडी सीट घेण्याचा होता आणि गटातील बहुतेकांचा कौल त्याच बाजूने होता. चौथा पर्याय असा की, आहे त्या सायकलवर क्रमाने, एका वेळी एकच बदल करायचा, प्रत्येक बदलावर दोन फेऱ्या मारायच्या आणि वहीत लिहायचे. यात पैसे कमी आणि वेळ जास्त लागणार होता. ताईंनी चौथा पर्याय निवडला आणि एक अट स्वतःहून घातली: जो बदल परत फिरवता येतो तो आधी करायचा, कापाकापी किंवा खरेदी शेवटी.

ही अट माझ्या डोक्यात आली नव्हती. पुढे तिनेच आम्हाला दोनदा वाचवले.

सीटची उंची

सुरुवात पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मध्यअक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून केली. ती ५८ सेंटिमीटर भरली. पायाच्या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्याप्रमाणे ती ६४ च्या थोडी वर यायला हवी होती. भिंतीला टेकून, टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेले असता पाय सरळ व्हावा आणि कंबर एका बाजूला कलू नये, ही दुसरी कसोटीही ६४ च्या जवळच आली. म्हणजे सीट तब्बल ६ सेंटिमीटर खाली होती. गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकत होता, म्हणून वाटीच्या पुढे दुखत होते. शिवाय पाय वजन पेलत नव्हते, त्यामुळे सगळा भार बैठकीवर येत होता.

सीट इतकी खाली का होती, याचे उत्तर आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना लागू पडते. लहानपणी सायकल शिकताना ‘बसल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत’ असे प्रत्येकाला सांगितलेले असते. ताईंनाही तेच सुरक्षित वाटत होते, आणि पुण्याच्या रहदारीत दर चौकात थांबणाऱ्या माणसाची ही भीती मी चुकीची म्हणणार नाही. योग्य उंचीवर बसलेल्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला पोहोचत नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकावा लागतो. ही सवय लावणे हे पाना फिरवण्यापेक्षा अवघड काम होते. त्यासाठी आम्ही रिकाम्या मैदानावर दोन संध्याकाळी फक्त थांबण्याचा आणि निघण्याचा सराव केला, आणि सीट एकदम न चढवता दर फेरीला १ सेंटिमीटर वर घेतली.

सहाव्या सेंटिमीटरला ताई थांबल्या. लांबच्या प्रवासासाठी ६३.५ आणि शहरासाठी ६२ असे दोन आकडे ठरले. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, इन्सुलेशन टेपच्या दोन पट्ट्या लावल्या. पकड लिव्हरची असल्यामुळे पाना न वापरता उंची बदलता येत होती. शहरातली उंची दीड सेंटिमीटर कमी ठेवणे पुस्तकी दृष्टीने अचूक नाही. पण चौकात आत्मविश्वासाने पाय टेकता येणे हासुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे आणि नऊ किलोमीटरमध्ये गुडघ्याला त्याचा त्रास झाला नाही.

गुडघ्याचे दुखणे चौथ्या फेरीनंतर थांबले. परंतु हात बधिर होणे वाढले. सीट वर गेल्यामुळे हँडल तुलनेने खाली गेले आणि धड पुढे झुकले. ताईंनी वहीत त्या दिवशी फक्त ‘पुन्हा खाली घेऊ का?’ एवढेच लिहिले आहे. हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक टप्पा होता. सीट खाली घेतली असती तर आम्ही पुन्हा फेब्रुवारीत जाऊन पोहोचलो असतो. उंची बरोबर आहे हे गुडघ्याने सांगितले होते, म्हणून ती कायम ठेवून हँडल सीटला जुळवायचे ठरले.

सीटचा कल आणि हँडलचे अंतर

सीटवर एक सपाट पट्टी ठेवून तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली. नाक सुमारे ६ अंश खाली होते. ते सपाट केले आणि नंतर नाजूक जागेवरचा दाब टाळण्यासाठी जेमतेम १ अंश खाली ठेवले. सीट पुढे-मागे किती असावी यासाठी ओळंबा वापरला: पेडलचे दांडे आडवे असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला दोरा पेडलच्या अक्षावर यावा. ही पद्धत काटेकोर नियम नाही, सुरुवात करण्यापुरती उपयोगी खूण आहे. त्यानुसार सीट सुमारे दीड सेंटिमीटर मागे न्यावी लागली, कारण हँडल लांब पडते म्हणून ताईंनी पूर्वी ती शक्य तितकी पुढे ओढली होती.

यामुळे हँडल आणखी लांब गेले, हे उघड आहे. येथे मोठ्या चौकटीची खरी किंमत दिसली. स्टेम, म्हणजे हँडलला पुढच्या काट्याशी जोडणारा आडवा तुकडा, १०० मिलिमीटरचा होता, त्याऐवजी हँडल धरणाऱ्या ३१.८ मिलिमीटरच्या त्याच पकडीचा, वर कल असलेला ७० मिलिमीटरचा स्टेम बसवला. तो बसवताना एक गोष्ट अनेकदा चुकते. बाजूचे स्क्रू सैल असतानाच वरच्या टोपीचा स्क्रू बेताने आवळून पुढच्या काट्याचा खुळखुळाट काढायचा असतो आणि त्यानंतरच बाजूचे स्क्रू घट्ट करायचे असतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली असता ‘टक’ असा आवाज येता कामा नये. हँडलच्या पकडीचे चार स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, साधारण ५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. या ठिकाणी ताकद लावणे म्हणजे हँडलच कमजोर करणे आहे.

हँडलची रुंदी ६४० मिलिमीटर होती आणि ताईंच्या खांद्यांच्या मानाने ती जास्त होती. दोन्ही टोके कापायची कल्पना माझी होती. ताईंनी आपली अट आठवून दिली. म्हणून आधी ग्रिप, ब्रेक आणि गिअरच्या लिव्हर प्रत्येकी २ सेंटिमीटर आत सरकवून, टोके तशीच बाहेर ठेवून दोन फेऱ्या केल्या. बरे वाटल्यावरच पाइप कापला. मी सुरुवातीला प्रत्येक बाजूने ४ सेंटिमीटर कापणार होतो. तसे झाले असते तर लिव्हर बसायलाच जागा उरली नसती.

ग्रिप आणि ब्रेक लिव्हर

गोल ग्रिपच्या जागी बाहेरच्या बाजूला पंखासारखी रुंद झालेली, स्क्रूने घट्ट बसणारी ग्रिप आणली. तिच्यावर तळहाताचा भार पसरून पडतो आणि मनगट खाली कोसळत नाही. मात्र तिचा कोन चुकला तर ती साध्या ग्रिपपेक्षा वाईट. पंख फार वर वळवला तर तो मनगट मागे मोडतो. बसल्या स्थितीत कोपर किंचित वाकलेले आणि हाताचा पंजा मनगटाच्या सरळ रेषेत, असा कोन यायला तीन प्रयत्न लागले.

ब्रेक लिव्हर जवळजवळ आडव्या होत्या. त्या धरताना मनगट वर मोडत होते. त्या हाताच्या उताराशी जुळतील इतक्या खाली फिरवल्या. लिव्हरच्या मुळाशी असलेला छोटा स्क्रू आत घेऊन लिव्हर ग्रिपच्या जवळ आणली, जेणेकरून मूठ न सोडता दोन बोटांनी ती ओढता येईल. हा बदल फुकट होता, पाच मिनिटांत झाला, आणि घाटातल्या प्रसंगाशी त्याचा सर्वांत थेट संबंध होता. तो आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात केला. खरे तर तो पहिल्या दिवशी व्हायला हवा होता.

याच सुमारास टायरची हवाही तपासली. पंपवाला टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी, ७५ पीएसआय हवा भरत असे. ती पुढे ५० आणि मागे ५५ केली. टायरवरच्या मर्यादेत राहूनच हे शक्य होते आणि हँडलमधून हातात येणारी थरथर लगेच कमी झाली. पाठीवरची सॅक काढून सामान मागच्या कॅरिअरवर बांधल्यानेही हातांवरचा आणि बैठकीवरचा भार हलका झाला.

पेडल आणि शेवटी सीट

मूळ पेडल अरुंद आणि प्लास्टिकची होती. पावसात पाय घसरत असे. बूट अडकवायच्या पेडलचा विचार झाला आणि तो सोडून दिला, कारण थांबण्याचा नवा सराव नुकताच अंगवळणी पडत होता. रुंद, वर छोटे खिळे असलेली सपाट पेडल आणली आणि कडक तळव्याचे बूट वापरले. चवडा पेडलच्या अक्षावर किंवा किंचित पुढे राहील असे ठेवले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे माहीत असूनही ते काढताना घाईत आम्ही ते आणखी आवळून ठेवले. त्यात एक संध्याकाळ गेली.

सीटचा क्रम मुद्दाम शेवटचा ठेवला होता. बैठकीच्या हाडांमधले अंतर नालीदार पुठ्ठ्यावर बसून मोजले. दोन खळग्यांच्या मध्यांमधले अंतर १२८ मिलिमीटर भरले. त्यात साधारण २५ मिलिमीटर मिळवून १५५ मिलिमीटर रुंदीची, मध्ये खोलगट भाग असलेली, बेताची कडक सीट निवडली. जुनी सीट याहून बरीच रुंद होती आणि मांड्या तिच्या कडांना घासत होत्या.

पॅडिंगच्या सायकल शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते, ही गोष्ट ताईंना तीन वर्षांत कुणीही सांगितली नव्हती. काचण्याचे निम्मे कारण त्या शिवणी होत्या. पुरुषांच्या गटात ही माहिती सहज फिरते. स्त्रियांपर्यंत ती संकोचामुळे पोहोचत नाही आणि दोष सायकलवर जातो. शॉर्ट प्रवासानंतर लगेच बदलावी आणि रोज धुवावी, हेही तितकेच महत्त्वाचे.

सुरक्षेची साधने

आपल्याकडे ओलांडणारी वाहने उजवीकडून येतात, म्हणून हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावला. फुगीर आरशात वाहन असते त्यापेक्षा दूर दिसते, त्यामुळे आरशात पाहून अंदाज घ्यायचा आणि वळण्यापूर्वी मान वळवूनच खात्री करायची असे ठरले. हात आता ताठ राहत नसल्यामुळे मान वळवली तरी हँडल ओढले जात नव्हते. मैदानात आखलेल्या रेषेवरून सायकल चालवत मागे पाहण्याचा सराव करून हे तपासले. पहाटे अंधारात निघायचे असल्याने मागे लाल दिवा, पुढे रस्त्याकडे झुकवलेला पांढरा दिवा आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट आले. हँडलला लावायची पिशवी पुढचा दिवा झाकत होती, म्हणून ती काढली. घंटी अंगठ्याच्या टप्प्यात आणली. नवे हेल्मेट घेताना केस खाली, मानेपाशी बांधूनच ते घालून पाहिले: भुवयांच्या वर दोन बोटे, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट. पावसाचे दिवस, म्हणून दोन्ही चाकांना मडगार्ड बसवले.

हेल्मेट आणि दिव्यांसह एकूण खर्च दहा हजारांच्या आसपास गेला. जेलचे कव्हर आणि जाड मोजे यांचे पैसे त्यात धरलेले नाहीत.

निकाल

जूनमध्ये गट पहाटे चार वाजता हडपसरहून निघाला. पावसाळ्याचे पश्चिमेचे वारे पाठीशी होते आणि त्यांची मोठी मदत झाली. यशाचे सगळे श्रेय बैठकीला देणे प्रामाणिक होणार नाही. भिगवणपर्यंत, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, ताईंना हातांचा कसलाही त्रास झाला नाही. त्यानंतर करंगळीत हलक्या मुंग्या आल्या. हात बदलत राहिल्याने आणि दर अर्ध्या तासाने उभे राहून पेडल मारल्याने त्या गेल्या. गुडघे शेवटपर्यंत ठीक होते. इंदापूरच्या पुढे मात्र बैठकीच्या डाव्या बाजूची त्वचा सोलवटू लागली आणि टेंभुर्णीनंतरचा शेवटचा टप्पा ताईंनी बराचसा दात-ओठ खाऊन पुरा केला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्या पंढरपुरात पोहोचल्या. परतीचा प्रवास टेम्पोने झाला. बोटांची संवेदना दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण ठीक होती. त्वचा बरी व्हायला आठवडा लागला.

वाटेत पाटसच्या पुढे एक कुत्रे आडवे आले होते. ताईंनी दोन बोटांनी ब्रेक ओढला आणि सायकल सरळ रेषेत थांबली. त्यांच्या वहीत या प्रसंगाची नोंद एका ओळीची आहे, पण मी त्यांच्या मागेच होतो आणि मला कात्रज आठवला.

काय वेगळे करता आले असते

त्वचा सोलवटण्याचे कारण शोधताना वहीच कामी आली. नवी सीट प्रवासाच्या फक्त नऊ दिवस आधी बसली होती आणि तिच्यावर तीनच फेऱ्या झाल्या होत्या. सीट शेवटी बदलायची हा क्रम योग्य होता, पण आधीचे टप्पे रेंगाळल्यामुळे तिला वेळ उरला नाही. किमान एक महिना आणि एक १०० किलोमीटरची फेरी नव्या सीटला मिळायला हवी होती.

स्टेम आणि ग्रिप आम्ही एकाच शनिवारी बदलले, कारण दोन्ही वस्तू एकदम हाती आल्या होत्या. हात बरे झाले, पण कशामुळे किती, हे आम्हाला सांगता येत नाही. ताईंच्या मैत्रिणीने ‘मी फक्त ग्रिप घेऊ का?’ असे विचारले तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

ब्रेक लिव्हरचे अंतर, हेल्मेटची जागा आणि आरसा या तीन गोष्टींना आरामाच्या क्रमात बसवायला नको होते. त्या पहिल्याच दिवशी, बाकी काहीही ठरण्याआधी व्हायला हव्या होत्या. त्यांना लागणारा वेळ एका तासापेक्षा जास्त नव्हता.

चौकटीचा प्रश्न तसाच आहे. आखूड स्टेममुळे हँडल आता थोडे चंचल वाटते आणि तीव्र उतारावर ताईंना ते जाणवते. पुढची सायकल लहान मापाचीच घ्यायची, हे ठरले आहे. तिच्यासाठी लागणारे आकडे, म्हणजे सीटची उंची, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचे अंतर आणि हँडलची रुंदी, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. सीटपोस्टवरच्या दोन टेपपैकी खालची झिजली आहे, कारण कामावर जायची सायकल अजून तीच आहे.